इअरबड्ससोबत फुकट मिळालेले महिने कधी सुरू करावेत?

या वेळच्या टपालात एकाच विषयाची इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. नवे वायरलेस इअरबड्स घेतले की एखाद्या संगीतसेवेचे काही महिने मोफत मिळतात. ते नेमके कुठे सापडतात, कार्डाची माहिती द्यावी का, नंतर गाण्यांचं काय होतं, असे सगळे प्रश्न. ध्वनिसंकलन हे माझं रोजचं काम, त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. ही मोफत मुदत बहुतेक सेवांत एका खात्याला एकदाच मिळते आणि ती बटण दाबल्या क्षणापासून मोजली जाते. बड्स ज्या दिवशी हातात आले त्याच दिवशी ती सुरू करायलाच हवी, असं काही नाही.

प्रश्न: ताई, मी नुकतेच एअरपॉड्स घेतले. विक्रेत्याने 'तीन महिने ॲपल म्युझिक फुकट' असं सांगितलं होतं. घरी येऊन खोकं उलटंपालटं केलं, आतला कागदन् कागद चाळला, कुठेही कूपन नाही की कोड नाही. माझा फोन अँड्रॉइडचा आहे. माझी फसवणूक झाली का?

उत्तर: फसवणूक झालेली नाही, पण तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली गेली. ही सवलत खोक्यात नसतेच. एअरपॉड्स आयफोनला किंवा आयपॅडला जोडले, त्यातलं सॉफ्टवेअर अद्ययावत असलं आणि म्युझिक ॲप उघडलं, की तिथे ती दिसते. लगेच दिसली नाही तर ॲपमधल्या 'होम'वर जाऊन पाहायचं. बड्स पहिल्यांदा जोडल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत ती घ्यावी लागते, नंतर ती आपोआप निघून जाते.

अँड्रॉइडवर एअरपॉड्स साध्या ब्लूटूथने जोडता येतात आणि ॲपल म्युझिकचं ॲपही अँड्रॉइडसाठी आहे. पण बड्स घेतले म्हणून मिळणारी ही सवलत अँड्रॉइडवरून घेता येत नाही. घरात कुणाकडे आयफोन किंवा आयपॅड असेल, तर तिथे जोडून पाहा. मात्र त्या उपकरणावर ज्याचं खातं सुरू आहे त्याच्या पदरात ती पडणार, हे ध्यानात ठेवून. आणि त्या व्यक्तीने पूर्वी ही सेवा वापरलेली असेल, तर बहुधा काहीच दिसणार नाही, कारण सवलत नव्या सदस्यांसाठी आहे.

विक्रेत्याचा आकडा मात्र बरोबर आहे. २०२१मध्ये ही सवलत सुरू झाली तेव्हा सहा महिने मिळत, पुढे ते तीन झाले. जुने लेख वाचून 'सहा महिने मिळायला हवेत' म्हणून कुणी भांडायला जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितलं. अशा अटी बदलत राहतात. खरेदीच्या दिवशी कंपनीच्या स्वतःच्या पानावर काय लिहिलंय तेच धरायचं.

प्रश्न: मी बड्स मागवले आणि ते येईपर्यंत दम निघेना, म्हणून त्याच सेवेची नेहमीची एक महिन्याची मोफत चाचणी सुरू केली. आता बड्स आलेत, जोडलेत, पण तीन महिन्यांची सवलत काही दिसत नाही. एक महिना वजा करून उरलेले दोन तरी मिळायला नकोत का?

उत्तर: मिळायला हवेत असं मलाही वाटतं, पण मिळत नाहीत. यंत्रणेच्या लेखी तुम्ही आता नवे सदस्य उरलेला नाहीत, आणि दोन्ही सवलती नव्या सदस्यांसाठीच्या. छोटी सवलत घेतली की मोठीचं दार बंद. म्हणून बड्स घ्यायचं ठरत असेल, तर त्या काळात संगीतसेवांच्या 'फुकट वापरून पाहा'च्या कुठल्याही बटणाला हात लावू नये. फोनच्या जोडणीसोबत, बँकेच्या कार्डासोबत, दुसऱ्या एखाद्या सदस्यत्वासोबतही अशा मुदती येतात. त्यातली सगळ्यात लांब कोणती हे पाहून तीच घ्यावी.

पुष्कळांच्या मनात लगेच दुसरं खातं काढायचा विचार येतो. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका. विकत घेतलेली ॲप्स एका खात्यावर, गाणी दुसऱ्यावर, फोटो तिसरीकडे असा पसारा होतो, आणि पुढे फोन बदलताना तो निस्तरायला किती वेळ जातो हे मी जवळच्यांच्या बाबतीत पाहिलंय. त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या सेवेची चाचणी घ्या. बड्स कोणत्याही कंपनीचे असोत, त्यांवर कोणतीही सेवा ऐकता येते. सवलतीमुळे तसं वाटत नाही, पण बड्सची गाठ कुठल्या एका सेवेशी बांधलेली नसते.

आणि ज्यांच्या हातात ही सवलत अजून शाबूत आहे त्यांना सांगते. परीक्षा चालू आहे, घरात आजारपण आहे, कामाचा ढीग पडलाय, अशा दिवसांत ती सुरू करू नका. ती घेण्याची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या आत आपल्याला खरंच ऐकायला सवड कधी मिळणार आहे ते बघा. सुट्टी, लांबचा प्रवास, रोजचं चालणं पुन्हा सुरू होण्याचा महिना. त्या सुमाराला बटण दाबा.

प्रश्न: मोफत म्हणतात आणि पहिल्याच पायरीला कार्ड मागतात. माझे वडील म्हणतात, 'फुकटाला कार्ड कशाला?' त्यांचं म्हणणं मला पटतं. कार्ड न देता होत नाही का?

उत्तर: तुमच्या वडिलांनी अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंय. बहुतेक मोठ्या सेवांत पैसे देण्याची सोय आधी जोडल्याशिवाय चाचणी सुरू होत नाही. मुदत संपली की सदस्यत्व आपोआप सशुल्क होतं, आणि ते व्हावं म्हणूनच कार्ड आधी मागतात. यात लपवाछपवी नाही, अटींत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पण आपण विसरू, या भरवशावरच हा सगळा व्यवहार उभा आहे, हेही तितकंच खरं.

त्यामुळे सदस्यत्व सुरू करायच्या आधीच ते बंद कसं करायचं ते शोधून ठेवा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव असतं, त्यावर बोट ठेवलं की 'सबस्क्रिप्शन्स' दिसतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर बोट टेकवलं, की 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' सापडतं. सेवेच्या संकेतस्थळावरून सदस्य झाला असाल, तर मात्र या दोन्ही ठिकाणी काही दिसणार नाही, तिथे संकेतस्थळावरच जावं लागेल. जिथून आत गेलात तिथूनच बाहेर पडायचं.

ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सदस्यत्व संपलं, हा समज फार पसरलेला आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. ॲप गेलं तरी पैसे कापले जात राहतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर कुणी 'साफसफाई' करून दिली असेल, तर ही यादी एकदा उघडून बघाच.

रद्द कधी करायचं? शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. ॲपलचं म्हणणं आहे की मुदत संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करावं. काही सेवांत पहिल्याच दिवशी रद्द केलं तरी मोफत मुदत शेवटपर्यंत चालू राहते. तिथे सुरू केल्या संध्याकाळीच रद्द करून मोकळं व्हावं. पण काही ठिकाणी रद्द करताच तिथल्या तिथे ऐकणं थांबतं आणि उरलेले महिने बुडतात. यातलं तुमच्या सेवेचं काय, ते रद्द करण्याच्या शेवटच्या पडद्यावर एका वाक्यात लिहिलेलं असतं: अमुक तारखेपर्यंत ऐकता येईल, की आत्ताच बंद होईल. ते वाक्य वाचून झाल्यावरच शेवटचं बटण दाबा. लगेच बंद होणार असेल, तर मागे फिरा आणि मुदत संपायच्या तीन-चार दिवस आधीचा गजर लावा. त्या गजराला सेवेचं नाव द्या. 'काहीतरी रद्द करायचंय' एवढंच लिहिलेला गजर आपण हमखास पुढे ढकलतो.

प्रश्न: मी शास्त्रीय गायन शिकते. नवे वायरलेस बड्स घेतले, सोबतच्या मोफत मुदतीत 'लॉसलेस' दर्जाची गाणी ऐकता येतील असं लिहिलंय. गुरुजी म्हणतात, चांगल्या मुद्रणात तानपुऱ्याची जवारीही (तारेचा गुणगुणता झंकार) स्वच्छ ऐकू येते. मला मात्र साध्या आणि लॉसलेसमध्ये काहीच फरक कळत नाही. माझे कान तयार नाहीत का?

उत्तर: तुझे कान अगदी ठीक आहेत. या सगळ्या पत्रांतलं हे माझं सर्वांत आवडतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. लॉसलेस म्हणजे यातलं काहीही न गाळता दाबून, म्हणजे आकाराने लहान करून, ठेवलेली फाइल. पण ती फोनमधून तुझ्या कानापर्यंत येते ब्लूटूथवरून, आणि ती वाट अरुंद आहे. आयफोन बड्सना ध्वनी पाठवतो तो 'एएसी' किंवा 'एसबीसी' या पद्धतींनी, आणि या दोन्हींत ध्वनीचा काही भाग गाळलेला असतो. अँड्रॉइडवर 'एलडॅक' ही पद्धत असेल, तर उत्तम परिस्थितीत ९९० किलोबिटपर्यंत जाता येतं, तरी ते १,४११ नव्हे. 'ॲपटीएक्स लॉसलेस' नावाची एक पद्धत सीडीचा दर्जा देऊ शकते, पण ती फोन आणि बड्स दोन्हींत असावी लागते. म्हणजे पडद्यावर लॉसलेस लिहिलेलं दिसलं, तरी वायरलेस बड्समध्ये बहुतेकदा तू ऐकतेस ते पुन्हा एकदा दाबलेलंच. ॲपलने २०२१मध्ये लॉसलेस आणलं, तेव्हाही ब्लूटूथवर ते मिळत नाही हे स्वतःच सांगितलं होतं.

यात नुकसान एकच, डेटाचं. ॲपलच्याच हिशोबाने तीन मिनिटांचं गाणं नेहमीच्या वरच्या दर्जात सुमारे ६ एमबी होतं, लॉसलेसमध्ये ३६ एमबी, आणि त्याहून वरच्या हाय-रेझमध्ये १४५ एमबी. तासाभराचा ख्याल असेल तर तूच हिशोब कर. बड्सवर ऐकताना लॉसलेस बंद ठेव आणि तो दर्जा तारेच्या हेडफोनसाठी राखून ठेव.

जवारीचं मात्र तुझ्या गुरुजींचं अगदी खरं आहे. ती ऐकण्यासाठी असं कर. गायन सुरू होण्याआधी नुसता तानपुरा वाजतोय, अशी एखादी बैठक निवड. षड्जाची तार छेडली की आवाज उमटून थांबत नाही. तो किंचित फुलतो, त्यातून वरचे बारीक स्वर एकामागून एक डोकावतात आणि मग विरत जातात. तो विरण्याचा भाग ऐक. दर्जा खरोखर खालचा असेल, तर सगळ्यात आधी तिथेच काहीतरी बिनसतं. टोकाला किंचित पाणी मिसळल्यासारखी थरथर येते, किंवा स्वर हळूहळू विरण्याऐवजी मध्येच गळून पडतो. आता सेवेच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटासाठीचा दर्जा कोणता आहे ते पाहा. पुष्कळदा तो 'ऑटोमॅटिक' किंवा खालचा असतो. तो वरचा कर आणि तोच तुकडा पुन्हा ऐक. हा फरक तुला कळेल. आणखी एक कर. ऐकताना पडद्याकडे पाहू नकोस, दर्जा मैत्रिणीला बदलायला सांग. डोळ्यांना आधी कळलं की कानही हो म्हणतात.

दर्जाच्या आकड्यांहून मोठा फरक बड्सच्या रबरी टोप्या करतात. खोक्यात लहान-मोठ्या जोड्या येतात आणि बहुतेक जण आधीपासून बसवलेलीच जोडी वापरत राहतात. टोपी सैल असली की खर्ज निसटतो, आणि खर्ज निसटला की तानपुरा पातळ वाटतो, मग फाइल कितीही मोठी असो. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. सगळ्या जोड्या लावून बघ, तोच तानपुरा ऐक, आणि ज्या जोडीत खालचा षड्ज सगळ्यात भरदार वाटेल ती ठेव.

प्रश्न: आम्ही महिनोन् महिने फुकट ऐकतो तेव्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काही मिळतं का? हे मनाला लागून राहतं.

उत्तर: हे तुम्हाला लागतं हे वाचून फार बरं वाटलं. या प्रश्नाला इतिहास आहे. २०१५च्या जूनमध्ये ॲपल म्युझिक सुरू व्हायचं होतं आणि नव्या ऐकणाऱ्यांना पहिले तीन महिने मोफत मिळणार होते. त्या तीन महिन्यांचं मानधन कलाकारांना द्यायचं नाही, असं कंपनीने ठरवलं होतं. गायिका टेलर स्विफ्टने त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. तिचं म्हणणं असं, की स्वतःसाठी नव्हे, तर नुकतंच पहिलं गाणं आणलेल्या नव्या लोकांसाठी ती बोलते आहे. कंपनीने तातडीने निर्णय फिरवला आणि मोफत मुदतीतही पैसे देऊ असं जाहीर केलं.

सगळ्या सेवांचे हिशोब सारखे नसतात आणि एकदा ऐकण्यामागे मिळणारी रक्कम फार लहान असते. म्हणून माझी विनंती एवढीच. मोफत महिन्यांत जो कलाकार नव्याने सापडला आणि मनात राहिला, त्याचं एखादं मुद्रण विकत घ्या, किंवा त्याची मैफल तिकीट काढून ऐका.

प्रश्न: मुदत संपल्यावर मी जमवलेल्या याद्या आणि उतरवून घेतलेली गाणी राहतात का? आईसाठी तिच्या आवडीच्या जुन्या गाण्यांची यादी करतोय, म्हणून विचारतो.

उत्तर: उतरवून घेतलेली गाणी राहत नाहीत. ती फोनमध्ये असली तरी कुलूपबंद असतात आणि किल्ली सदस्यत्वाबरोबर जाते. सदस्यत्व चालू असतानाही स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेलं वाजत नाही.

यादीचं सेवेवर अवलंबून आहे. स्पॉटिफायला जाहिरातींसह चालणारा मोफत प्रकार आहे, त्यामुळे मुदत संपली तरी यादी खात्यात राहते आणि आई ती जाहिरातींसकट ऐकू शकते. ॲपल म्युझिकला असा मोफत प्रकार नाही. तिथे सदस्यत्व संपल्यावर केलेला संग्रह हाताशी राहील, हे धरून चालू नका. तुम्ही आईसाठी करताय म्हणून सुचवते, जाहिरातींसह का होईना पण पुढे चालू राहील अशाच ठिकाणी ती यादी करा. शिवाय गाणं, गायक आणि संगीतकार असं एका वहीत लिहून ठेवा. सेवा बदलली तरी तासाभरात पुन्हा उभी करता येईल. एकाच गाण्याची नंतरची नक्कल मूळ म्हणून यादीत शिरते, तेव्हा प्रत्येक गाणं आईला एकदा ऐकवून मगच पक्कं करा. तिला पहिल्या दोन ओळींतच कळेल.

प्रश्न: दोन बड्समध्ये अडकलोय. एक कानात छान बसतात. दुसरे तितकेसे बसत नाहीत, पण त्यांच्यासोबत तीन महिने गाणी फुकट आहेत. काय करू?

उत्तर: बसतात ते घ्या. बड्स वर्षानुवर्षं कानात राहणार, आणि फुकटचे महिने बघता बघता संपणार. फोन आणि बड्स यांची ध्वनी पाठवण्याची पद्धत जुळते का, तेही पाहा. आयफोनसाठी केवळ 'एलडॅक' लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका, आयफोन ती वापरतच नाही. मोफत चाचणी बड्स न घेताही बहुतेक सेवा देतात, मुदत थोडी कमी असते इतकंच.

प्रश्न: घरात आम्ही दोघांनी एकाच वेळी एअरपॉड्स घेतले. कुटुंब म्हणून एकत्र जोडलेलं खातं आहे. तीन अधिक तीन असे सहा महिने मिळतील का?

उत्तर: नाही. एका कुटुंबगटाला सवलत एकच, बड्स कितीही घ्या.

प्रश्न: 'नवे बड्स घेतल्याबद्दल अभिनंदन, सहा महिने मोफत संगीतासाठी इथे दाबा' असा संदेश आलाय. मी बड्स घेतलेत हे त्यांना कसं कळलं?

उत्तर: बहुतेकदा कळलेलं नसतंच. असे संदेश हजारोंना जातात आणि त्यांतल्या काहींनी नुकतेच बड्स घेतलेले असतात. दुवा उघडू नका. खरी सवलत सेवेच्या किंवा बड्सच्या स्वतःच्या ॲपमध्ये दिसते, ते ॲप स्वतः उघडून तपासा. तिथे नसेल तर ती नाही. दुवा उघडून खात्याचा पासवर्ड भरला असेल, तर तो आत्ताच बदला. कार्डाचा क्रमांक दिला असेल, तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा.